अन्यत्र उपलब्ध

माणूस दारात येऊन जे मागतो, ते त्याला हवं असतंच असं नाही. ग्रंथपालबाईंना हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी गुरुजींनी शिकवलं होतं. गुरुजी म्हणजे त्यांच्या आधीचे ग्रंथपाल. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण सगळं शहर त्यांना गुरुजीच म्हणायचं. ते सांगत, “आलेला माणूस एक प्रश्न टेबलावर ठेवतो आणि खरा प्रश्न पोटात धरून उभा राहतो. त्याला बसव, पाणी दे आणि मग हळूच विचार, कशासाठी हवं?” एकतीस वर्षं बाईंनी तेच केलं. ताऱ्यांचं पुस्तक मागणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याच्या खाटेवरून दिसणाऱ्या एकाच ताऱ्याचं नाव हवं होतं. कायद्याचं पुस्तक मागणाऱ्या एका सुनेला नणंदेशी धरलेला अबोला सोडायचा होता. तिला बाईंनी पत्रलेखनाचं पुस्तक दिलं. तिनं ते सहा महिने परत केलं नाही, आणि बाईंनीही मागितलं नाही.

सोमवारी सकाळी दार उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तेव्हा शिलाईवाली आली. पन्नाशीची, अंगानं बारीक. हातातलं काम टाकून उठल्यासारखी, मापाची फीत गळ्यात तशीच. दारात तिला शिडीमामांनी अडवलं. शिडीमामा हे ग्रंथालयाचे शिपाई. निम्मं आयुष्य शिडीवर गेलं म्हणून हे नाव पडलं, आणि उरलेलं निम्मं ती शिडी कुठं ठेवली ते शोधण्यात गेलं, असं ते स्वतःच सांगत.

“पिशवी इथं ठेवा,” मामा म्हणाले.

“पिशवीत कात्री आहे हो.”

“मग तर ठेवाच. पानं कापून नेणारे इथं आधीच पुष्कळ आहेत.”

ती टेबलाशी येऊन उभी राहिली. “जुन्या घरांचं पुस्तक आहे का?”

“बांधकामाचं म्हणता? की नकाशे?”

“ते नाही माहीत. जुन्या घरांचं.”

बाईंनी खुर्ची पुढं सरकवली आणि मामांना डोळ्यांनीच पाणी सांगितलं. “बसा ताई. कुणाच्या घरांचं?”

“आमच्याच.”

मग पोटातलं हळूहळू बाहेर आलं. काचकारखान्यामागची गल्ली. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, गल्ली मात्र राहिली. समोरासमोर छत्तीस दारं आणि मधोमध एक नळ. आता तिथून रुंद रस्ता जायचा होता. नगरपालिकेनं कागद आणून चिकटवला होता. अमुक वर्षाच्या आधीपासून गल्ली वसलेली होती असं सिद्ध झालं, तर सगळ्यांना दुसरीकडे घर. नाही झालं, तर जागा सोडा. शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी.

“नगरपालिकेच्याच दप्तरात असेल की,” बाई म्हणाल्या.

“त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं म्हणे. सगळ्याचा लगदा झाला. त्यांच्या आडात नाही ते आता आमच्या पोहऱ्यात शोधताहेत.”

“कारखान्याचे कागद?”

“मालक गेला, कागदही गेले. आम्ही राहिलो. पण आम्ही काही कागद नाही.”

बाईंनी समोरच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले आणि खोडले. “गल्लीत कधी कुणी आलं होतं का? मोजायला, लिहायला, फोटो काढायला? अगदी जुनं आठवा.”

“मला कुठलं आठवायला. मी सून म्हणून आले तेव्हा नळसुद्धा झाला होता.” तिनं गळ्यातली फीत बोटाला गुंडाळली. “आमच्या सासूबाई म्हणतात, एक माणूस आला होता. पण त्यांचं काय धरायचं? दिवसभर अंथरुणावर पडून ओव्या रचतात. त्यातलंच एक असेल.”

“कुठली ओवी?”

शिलाईवाली ओशाळली. वाचनालयात गाणं म्हणायचं की नाही, असं तिनं मामांकडे बघून घेतलं. मग सूर न लावता, नुसते शब्द ठेवावेत तसे ठेवले:

“ताप आला गं गल्लीत, आला मोजणारा दारी
त्याच्या वहीत लिहिली माझी लेकरं गं सारी.”

“पाच लिहिली होती,” ती म्हणाली. “साथ गेली तेव्हा तीन राहिली होती. माझे मालक त्यातले धाकटे.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. माळ्यावर काहीतरी हललं की खालच्या माणसाला कळतं, तसं त्यांना कळलं. घरांची पुस्तकं ग्रंथालयाच्या आकडेवार मांडणीत सातशे अठ्ठावीसमध्ये होती. या बाईनं आयुष्यभर सातशे अठ्ठावीस धुंडाळलं असतं तरी तिला तिची गल्ली मिळाली नसती. ती गल्ली तापात होती. सहाशे चौदा, साथीचे रोग, स्थानिक.

त्यांनी संगणकावर शोधलं. एक ओळ आली: तापाच्या साथीचा अहवाल, शहर आरोग्य निरीक्षक, पृष्ठे ६४. वर्ष बघितलं. नगरपालिकेच्या ठरलेल्या वर्षाच्या तीन वर्षं आधीचं.

पण संगणकात एवढंच होतं. बाई उठल्या आणि जिन्याखालच्या जुन्या कपाटाशी गेल्या. संगणक आल्यापासून त्या कार्डांच्या कपाटावर झाडाची कुंडी ठेवलेली होती. त्यांनी खण ओढला. बोटं कार्डांवरून चालली, दाण्यातले खडे निवडावेत तशी, आणि थांबली. गुरुजींचं अक्षर. वर नाव, वर्ष, आकडा. आणि खाली, कार्डाच्या अगदी काठाला, मुंगीएवढ्या अक्षरात: *परिशिष्ट: गल्लीवार घरांची यादी, दारक्रमांक व कुटुंबप्रमुखासह, पृ. ४१ ते ५८.*

गुरुजी असेच होते. पुस्तक काय म्हणतं ते सगळेच लिहितात. त्याच्या पोटात काय आहे, ते गुरुजी लिहीत.

“ताई,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच तरुण वाटला, “तुमच्या सासूबाईंची ओवी खरी आहे.”

शिलाईवालीनं कार्ड हातात घेतलं नाही. नवं कापड बघावं तसं वाकून बघितलं. “यात आमचं घर आहे?”

“यात नाही. हे ज्या पुस्तकाचं आहे, त्यात आहे.”

“काखेत कळसा,” मामा म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

मागच्या गोदामात सहाशे चौदाचं कपाट भिंतीला लागून होतं. मामा वर चढले. बाई खालून आकडे वाचत होत्या. आधीचा आकडा होता आणि पुढचाही होता. मधला नव्हता. पुस्तक गेलं की जागा रिकामी राहते असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. शेजारची दोन कलंडतात, एकमेकांना टेकतात, आणि वर्षभरात जणू तिथं तिसरं कधी नव्हतंच.

“चुकून दुसरीकडे गेलं असेल,” मामा वरून म्हणाले.

बाई मागं वळल्या. गोदामाच्या दाराजवळ लोखंडी कपाटात बाद पुस्तकांची नोंदवही होती. त्यांनी ती काढली. अकरा वर्षांपूर्वीचं पान. अनुक्रमांक तीनशे बारा. तापाच्या साथीचा अहवाल. शेवटची देवघेव: नाही. बाद करण्याचं कारण: अन्यत्र उपलब्ध. आणि पुढं सही. अक्षर गोल, नीटस, घाई नसलेलं. त्यांचंच.

बाहेर शिलाईवाली वाट बघत उभी होती. पाणी तिनं अजून प्यायलं नव्हतं.

“जागेवर नाही,” बाई म्हणाल्या. “शोधते मी. परवा या.”

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि एकतीस वर्षांत या टेबलावरून असं उत्तर त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की आणखी संगणकांसाठी मागची खोली रिकामी करा. एका महिन्यात अठराशे पुस्तकं कमी करायची होती. एकेका पुस्तकाला हातात घेऊन निरोप द्यायला वेळ नव्हता. नियम मात्र चांगला होता आणि बाईंना पटलाही होता. जे दहा वर्षांत कुणी नेलं नाही आणि जे दुसऱ्या ग्रंथालयात आहे, ते काढावं. दुसरीकडे काय आहे ते संयुक्त सूचीत दिसायचं. ही सूची म्हणजे जाडजूड ग्रंथ. प्रत्येक पुस्तकापुढं ते ज्या ग्रंथालयांत आहे त्यांच्या खुणा. तापाच्या अहवालापुढं दोनच खुणा होत्या. एक यांची, दुसरी मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाची. मोठं ग्रंथालय, दगडी इमारत, आगीपासून राखलेली तळघरं. तिथं असणं म्हणजे दगडावरची रेघ. बाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं, खूण बघितली आणि सही केली. कार्ड काही काढून बघितलं नाही. गुरुजींनी काठाला लिहिलेलं मुंगीअक्षर संगणकात भरायला रकानाच नव्हता, त्यामुळे ते पडद्यावर आलंच नव्हतं. घाईत बाद पुस्तकांची नावं संगणकातून खोडायची राहिली, आणि कार्डंही कपाटात तशीच राहिली.

शिलाईवाली गेल्यावर, त्या सोमवारी दुपारीच बाईंनी मोठ्या शहरात फोन लावला. तिथली ग्रंथपाल त्यांची दर मंगळवारची, फोनवरची मैत्रीण होती. अठरा वर्षांत दोघी एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या, पण एकीच्या गुडघ्याचं दुखणं दुसरीला पाठ होतं.

“अगं, आज मंगळवार नसताना फोन?” मैत्रीण हसली. “कोण गेलं?”

“एक पुस्तक हवंय. तातडीनं.” बाईंनी आकडा सांगितला. “एक्केचाळीस ते अठ्ठावन्न एवढी पानं शिक्का मारून पाठवलीस तरी चालेल. शुक्रवारी सुनावणी आहे.”

“थांब, बघते.” कळा दाबल्याचा आवाज आला. “आहे की. यादीत आहे आमच्या. तळघरात असणार. उद्या माणूस खाली पाठवते. तू काळजी करू नकोस.”

संध्याकाळी जेवताना बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. कमी बोलायचा आणि बोलताना डोळे बारीक करायचा.

“तू काय मुद्दाम केलंस?” तो म्हणाला.

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. माझ्याकडून कार्ड बघायचं राहून गेलं.”

“तिकडं आहे म्हणतात ना?”

“हो.”

“मग जेव.”

बाई जेवल्या. पण यादीत असणं आणि जागेवर असणं यात किती अंतर आहे, हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी शिलाईवाली येऊन बाकावर बसली होती तेव्हाच फोन वाजला. मैत्रिणीच्या बोलण्यात आज गुडघ्याची तक्रार नव्हती, हसू नव्हतं.

“ऐकतेस ना? खाली नाही ते. मी स्वतः उतरले. मग आमची बाद वही काढली.”

“बोल.”

“तुमच्या दोन महिन्यांनंतर काढलंय. माझीच सही आहे.” पान उलटल्याचा आवाज आला. “कारण काय लिहिलंय सांगू?”

“नको सांगू.”

“संयुक्त सूचीत तुमची खूण होती गं. मला वाटलं, त्या शहराचा अहवाल आहे, त्या शहरात तो राहणारच. तिथं तू आहेस. तुझ्याकडून काही जाणार नाही.”

“मलाही तुझ्याबद्दल हेच वाटलं.”

दोघींनी नियम पाळला होता. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला होता. त्या विश्वासात एक काचकारखान्यामागची गल्ली बुडाली होती. सूचीत मात्र दोन्ही खुणा अजून तशाच उभ्या होत्या, मेलेल्या घराच्या दोन दिव्यांसारख्या.

फोन ठेवल्यावर मामा हळूच म्हणाले, “भरवशाच्या म्हशीला टोणगा.”

“मामा, रद्दीवाला कोण होता तेव्हा?”

“मीच गठ्ठे बांधून दिले, बाई. तो आता हयात नाही. आणि असता तरी काय? त्या कागदाचे पुठ्ठे झाले असतील, पुठ्ठ्यांचे खोके झाले असतील, खोक्यांचे पुन्हा पुठ्ठे. आपण रोज ज्या खोक्यातून नवी पुस्तकं काढतो, त्यातही असेल एखादं पान.”

बाई बाकापाशी गेल्या. “ताई, पुस्तक मिळत नाही. दोन प्रती होत्या, दोन्ही नाहीत.”

“म्हणजे हरवलं?”

“नाहीत आता.” कोणी काढलं, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच बसून राहिले. “पण कार्ड आहे. त्यावर लिहिलंय की यादी होती. मी त्याची प्रत देते, ग्रंथालयाचा शिक्का मारते, आणि शुक्रवारी स्वतः येते.”

“तुम्ही येणार?”

“येते.”

शिलाईवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बाईंना शिवीपेक्षा जास्त लागलं. “आमच्यासाठी इतकं कोण करतं हो,” ती म्हणाली.

शुक्रवारी नगरपालिकेच्या लांब बोळात गल्लीतली वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. आत एका वेळी दोघांनाच सोडत होते. शिलाईवालीला सगळ्यांनी पुढं केलं होतं, कारण तिच्याबरोबर शिकलेलं माणूस होतं. टेबलामागचा साहेब तरुण होता आणि वाईट नव्हता. त्यानं कार्डाची प्रत दोनदा वाचली. भिंग मागवून काठाचं अक्षरही वाचलं.

“हे फार चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण हे काय म्हणतं? गल्लीवार यादी होती. कुठल्या गल्ल्या, ते म्हणत नाही. पुस्तक कुठं आहे?”

“बाद केलं,” बाई म्हणाल्या.

“कुणी?”

शिलाईवाली बाईंच्या शेजारीच, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ होती.

“मी.”

तो खांदा हलला नाही. पण त्यातली ऊब गेल्यासारखी वाटली.

साहेबानं पेन खाली ठेवलं. आवाज थोडा उतरवला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. “बाई, एक विचारतो. बाद करण्याआधी तुम्ही ती यादी पाहिली असेल ना? काचकारखान्यामागची गल्ली त्यात होती, असं तुम्ही पाहिल्याचं लिहून दिलंत, तर ग्रंथपालाचं म्हणणं म्हणून मला वर पाठवता येईल. लागेल की नाही ते सांगत नाही. पण पाठवता येईल.”

त्यानं कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.

बाईंनी कागदाकडे पाहिलं. एक ओळ, फक्त एक. ‘मी पाहिली होती.’ ओवी खरी होती, साथ खरी होती, गल्ली खरी होती. खोटी असती ती फक्त ही एक ओळ. पण त्यांना हेही दिसलं की वर कुणीतरी विचारील, कितवं पान? किती दारं लिहिली होती? नळाच्या अलीकडून मोजली की पलीकडून? आणि मग त्या एका ओळीमागं दुसरी लिहावी लागेल, दुसरीमागं तिसरी. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट केली होती. पानावर आहे ते आहे म्हणून सांगितलं होतं आणि नाही ते नाही म्हणून. त्यांनी पेन उचललं. शिलाईवालीचा श्वास थांबलेला त्यांना ऐकू आला.

“नाही पाहिली,” त्या म्हणाल्या. “मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं.”

साहेबानं मान हलवली आणि कोरा कागद परत घेतला. पुढच्या कागदावर त्यानं काय लिहिलं ते दोघींनाही उलट्या बाजूनं वाचता आलं.

बाहेर बोळात माणसं विचारत राहिली, काय झालं, काय म्हणाले. शिलाईवाली त्यांच्यामधून वाट काढत गेली. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

“एक हो म्हणायचं होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “एवढंच.”

“मी पाहिलं नव्हतं, ताई.”

“तेव्हा न बघता सही केलीत. आज बघितलं नव्हतं म्हणून सही केली नाहीत.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दोन्ही वेळेला तुमचं बरोबरच असेल. नियमानंच असेल. आमची घरंही नियमानंच चाललीत. कुणाला बोल लावणार?”

आणि ती उतरून गेली. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही. ते पाण्यात पडलेल्या गोधडीसारखं जड झालं, पिळता येईना आणि टाकता येईना.

त्यांनी आपल्यापरीनं आणखी खटपट केली नाही असं नाही. अहवाल लिहिणाऱ्या निरीक्षकाच्या घराण्यातलं कुणी आहे का, ते विचारलं, कुणी नव्हतं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळले. साथीच्या बातम्या होत्या, मेलेल्यांचे आकडे होते, गल्लीचं नाव कुठंच नव्हतं. मैत्रिणीनं आणखी चार ग्रंथालयांत पत्रं घातली. चारही ठिकाणांहून तेच उत्तर आलं, आमच्याकडे नाही, कृपया मूळ शहरात चौकशी करावी. मंगळवारचे फोन मात्र बंद पडले. दोघींनी ठरवून नाही, पण कुणी आधी लावावा ते कळेना.

महिन्यानं गल्ली रिकामी करायचा दिवस आला. बाईंनी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही, मामांना सांगितलं.

“जाऊन काय करणार, बाई?” मामा म्हणाले. “तोंडावर थुंकतील.”

“थुंकू देत.”

“मी येऊ का?”

“कुणीतरी दार उघडं ठेवायला हवं ना.”

इतक्या वर्षांत बाई त्या भागात कधी गेल्या नव्हत्या. कारखान्याची लांबच लांब भिंत संपली आणि गल्ली लागली. समोरासमोर दारं, मधोमध नळ. हातगाड्या उभ्या होत्या. खाटा, ट्रंका, पिंप, आरसे अशा वस्तू उन्हात आल्या होत्या. उन्हात आल्यावर घरातल्या वस्तू किती थोड्या आणि किती जुन्या असतात ते दिसतं. एका दारावर चुन्याचा आकडा होता. वरून रंगाचे पाच-सहा हात बसले होते, तरी खालचा सात फुगून आलेला होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. तापाच्या साथीत मोजायला आलेल्या माणसानं घातलेला असेल, नसेलही. आता तो पुरावा नव्हता. उद्या भिंतच नसणार होती.

“काय हो, ऑफिसातून आलात?” एका माणसानं विचारलं.

“नाही. वाचनालयातून.”

“इथं काय वाचायचंय आता?” तो म्हणाला आणि गादी डोक्यावर घेऊन चालू लागला.

शिलाईवालीचं दार नळापासून तिसरं. दाराबाहेर खुर्चीवर एक म्हातारी बसवली होती, अंगावर चादर, हात मांडीवर. डोळ्यांनी दिसत नसावं. पावलांच्या आवाजाकडे तिनं कान वळवला.

“कोण आलं गं?”

आतून शिलाईवाली बाहेर आली. तिनं बाईंना पाहिलं. क्षणभर दोघींमध्ये नुसतं ऊन होतं.

“वाचनालयातल्या बाई आहेत, आत्याबाई,” ती म्हणाली.

म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं चादरीतून हात काढून पुढं केला. “वही आणली का?”

बाई खाली बसल्या आणि त्यांनी तो हात धरला. हलका होता, वाळलेल्या शेंगेसारखा. “नाही, आजी.”

“त्यात माझी पाच आहेत,” म्हातारी म्हणाली. “दोघांची नावं आता मलाच येतात. सून नंतर आली, मालक गेले. माझ्यामागं कुणाला येणार? म्हणून म्हटलं, वहीत आहेत तर राहतील.”

“सांगा ना आजी. मी लिहून घेते.”

म्हातारी कितीतरी वेळ तोंड हलवत राहिली. शब्द काही आले नाहीत. मग तिनं हात काढून घेतला आणि चादरीत ठेवला. “नको,” ती म्हणाली. “तेव्हा लिहिलंच होतं की त्यानं.”

शिलाईवाली आत गेली. आतून काही ओढल्याचा आवाज आला आणि थांबला, पुन्हा आला आणि पुन्हा थांबला. गल्लीतली माणसं आपापल्या ओझ्यात होती. बाई उठल्या आणि दारात गेल्या. खोलीत फक्त शिलाई मशीन राहिलं होतं, लोखंडी पायांचं, एकटीला न उचलवणारं. शिलाईवाली एका बाजूला वाकून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

“त्या बाजूनं धरा,” ती म्हणाली. “खालून. चाकाला हात लावू नका.”

बाईंनी खालून धरलं. लोखंड गार होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा फार जड.

“हळू,” शिलाईवाली म्हणाली. “मागं उंबरा आहे.”